टपालाने सांधलेले मैत्र : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटलेला भीमसागर ओसरतो आणि त्यानंतर तेवीस दिवसांनी चळवळीच्या दिनदर्शिकेत आणखी एक तारीख येते. २९ डिसेंबर. १९७१ साली याच दिवशी दिल्लीत कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी अखेरचा श्वास घेतला. नाशिकमध्ये त्यांच्या पुतळ्याला हार घातले जातात, काही ठिकाणी अभिवादन सभा होतात आणि बाकीच्या महाराष्ट्रात तो दिवस येतो आणि जातो. आंबेडकरी चळवळीच्या दृष्टीने ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

दादासाहेबांचे नाव निघाले की काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. भूमिहीनांचे लढे आठवतात. रिपब्लिकन पक्षाची फूटही आठवते. या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मात्र आपण फारशी बोलत नाही. बाबासाहेबांचे आणि त्यांचे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे मैत्र होते आणि त्यातला फार मोठा काळ दोघे एका गावात नव्हते. बाबासाहेब मुंबईत, लंडनमध्ये आणि पुढे दिल्लीत. दादासाहेब नाशिकला. मध्ये कधी आगगाडीची एक रात्र, तर कधी दोन-अडीच आठवड्यांचा समुद्र. तरीही हे नाते सैल पडले नाही. ते कशाने टिकले, याचा शोध घेणे आज आम्हाला अत्यंत निकडीचे वाटते. कारण दूर राहूनही घट्ट राहिलेली ती माणसे आपली होती आणि एकाच वस्तीत राहून एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसेही आपलीच आहेत.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या खेड्यात झाला. बाबासाहेबांपेक्षा ते अकरा वर्षांनी लहान. महारवाड्यातले जिणे, वतनाच्या नावाखाली राबवून घेणारी गावगाड्याची व्यवस्था, पाण्याला आणि देवळाला असलेली बंदी हे सारे त्यांनी लहानपणापासून अंगावर घेतले होते. बाबासाहेबांजवळ कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, बॅरिस्टरची सनद होती. भाऊरावांजवळ अशी कोणतीही मोठी पदवी नव्हती. त्यांच्याजवळ होती ती गावोगाव पायी फिरण्याची ताकद, माणसे जोडण्याची हातोटी आणि बोललेला शब्द पाळण्याची सवय.

१९२७ च्या महाड संग्रामाने महाराष्ट्रातले जे तरुण पेटून उठले, त्यांत भाऊराव होते. विद्वान नेता आणि खेड्यातला कार्यकर्ता यांचे नाते बहुधा हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा एवढ्यावरच थांबते. इथे तसे झाले नाही. जनता ज्यांना दादासाहेब म्हणू लागली, ते बाबासाहेबांसाठी अखेरपर्यंत भाऊरावच राहिले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या साहित्यात पत्रव्यवहाराचा स्वतंत्र खंडही आहे. ज्यांनी बाबासाहेबांचे ग्रंथ वाचले पण ही पत्रे वाचली नाहीत, त्यांना अर्धेच बाबासाहेब भेटले, असे आम्ही म्हणू. सभांच्या तारखा, निवडणुकीचे उमेदवार, पैशाचे हिशेब, कोण नाराज आहे, कोणाची समजूत काढायची आहे, तब्येत कशी आहे, असे सगळे त्यात येते. ही पत्रे आज आपल्या हाती आहेत, कारण भाऊरावांनी ती सांभाळून ठेवली. जप्ती, तुरुंग, निवडणुका आणि सततची भटकंती यांतून एखादा माणूस कागद जपून ठेवतो, तेव्हा तो त्या कागदांना काय समजतो, हे वेगळे सांगायला नको.

समुद्रापलीकडचा नेता, गोदाकाठचा लढा

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते, पोलिसांचा वेढा होता. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, सत्याग्रहींची डोकी फुटली. या लढ्याच्या सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड होते. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

हा लढा काही आठवड्यांत आटोपला नाही. तो वर्षानुवर्षे चालला. आणि नेमक्या त्याच काळात बाबासाहेबांना गोलमेज परिषदांसाठी लंडन गाठावे लागले. ऑक्टोबर १९३० मध्ये ते पहिल्या परिषदेसाठी निघाले. ऑगस्ट १९३१ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी गेले, ते थेट जानेवारी १९३२ च्या अखेरीस परतले. १९३२ च्या नोव्हेंबरात तिसऱ्या परिषदेसाठी पुन्हा समुद्रप्रवास. म्हणजे तिकडे ब्रिटिश पंतप्रधानांसमोर अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मांडणी चालू आहे आणि इकडे गोदाकाठी त्याच अस्पृश्यांच्या पाठीवर काठ्या पडत आहेत. एका आघाडीवर बाबासाहेब, दुसरीवर भाऊराव.

आजच्या तरुणांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी मुंबईहून जहाजाने निघालेले टपाल लंडनला पोहोचायला दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागत. विमानाचे टपाल १९२९ पासून कराची-लंडन मार्गावर सुरू झाले होते, पण तेही आठवडाभर घेई. तार लवकर पोहोचे. तिचा मात्र शब्दागणिक पैसा पडे. भाऊरावांनी नाशिकहून प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर येईपर्यंत महिना उलटून जाई. तोवर लाठीमार होऊन गेलेला असे, जमावबंदी लागू होऊन उठलेली असे, माणसे तुरुंगात जाऊन सुटून आलेली असत.

मग हे चालले कसे? ते चालले, कारण बाबासाहेबांनी भाऊरावांना निर्णयाचा अधिकार दिला होता आणि भाऊरावांनी त्या अधिकाराचा गैरवापर केला नाही. लांबच्या मैत्रीत हाच पहिला कस लागतो. समोर नसलेल्या माणसाच्या वतीने निर्णय घ्यायचा आणि तो त्याला पटेल असाच घ्यायचा, यासाठी त्याचे मन इतके ठाऊक असावे लागते की विचारण्याची गरजच उरू नये. आणि दूर बसलेल्याने झालेल्या निर्णयामागे उभे राहायचे, नंतर दोष द्यायचा नाही, यासाठी मनाचा तितकाच मोठेपणा लागतो. दोघांजवळही ते होते. भाऊराव या लढ्यात तुरुंगात गेले, पण बाबासाहेब परदेशात असल्यामुळे नाशिकचा सत्याग्रह पोरका झाला, असे म्हणण्याची पाळी कोणावर आली नाही.

३ मार्च १९३४

या मैत्रीतले सर्वांत मोलाचे पत्र कोणते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही ३ मार्च १९३४ च्या पत्राकडे बोट दाखवू. रामनवमी जवळ येत होती. सत्याग्रह पुन्हा सुरू करावा की काय, याविषयी भाऊरावांनी बाबासाहेबांचे मत विचारले होते. बाबासाहेबांनी स्पष्ट कळवले की तो केवळ पुढे ढकलू नये, तो बंदच करावा.

भाऊरावांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या लढ्यासाठी चार वर्षे घातली, तुरुंग भोगला, गावोगावची माणसे उठवली, त्यांच्यावर बहिष्कार आणि मार ओढवलेला पाहिला, तो लढा आता थांबवायचा. एखादा दुसरा असता तर रुसला असता. आपल्याला डावलले म्हणून वेगळी समिती काढून मोकळा झाला असता. आजच्या चळवळीत तर एखाद्या फलकावर नाव खाली छापले गेले एवढ्यावरून संघटना फुटतात.

पण त्या पत्राची रीत पाहा. बाबासाहेबांनी नुसता आदेश दिला नाही, कारणे दिली. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण मंदिरप्रवेशाचा लढा उभारलाच नव्हता. त्यांच्यात चैतन्य यावे आणि आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग निवडला होता. तो हेतू आता साध्य झाला आहे आणि यापुढे समाजाची शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर खर्ची पडली पाहिजे, असा त्याचा आशय होता. आम्ही वकिली करतो. कारणे न देता दिलेला निकाल वरच्या न्यायालयात टिकत नाही, हे आम्हाला रोजच्या कामातून ठाऊक आहे. मैत्रीतही तेच आहे. समोरासमोर असताना चेहऱ्यावरून, आवाजावरून, खांद्यावर ठेवलेल्या हातावरून पुष्कळ कळते. शेकडो मैलांवरून पाठवलेल्या नुसत्या नकारात यांतले काहीच नसते. म्हणून तिथे कारण द्यावेच लागते. बाबासाहेबांनी खेड्यातल्या आपल्या सहकाऱ्याला ते सविस्तर दिले, कारण त्यांच्या दृष्टीने तो केवळ हुकूम पाळणारा शिपाई नव्हता, विचार करणारा माणूस होता. भाऊरावांनी ते समजून घेतले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांच्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मंदिराच्या दारापासून सुरू झालेली वाट धर्मांतराकडे वळली आणि भाऊराव त्या वळणावरही सोबत होते.

मनातले सांगण्याजोगा माणूस

१९३७ च्या निवडणुकीत भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. काही काळ मुंबई हे दोघांचेही कामाचे ठिकाण झाले. पण १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दिल्ली म्हणजे सत्तेची नगरी. तिथे मोठ्या माणसाभोवती माणसांची उणीव नसते, पण ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा माणूस मिळणे दुर्मिळ असते.

या काळात बाबासाहेबांचे शरीर साथ देईनासे झाले होते. मधुमेहाने पोखरले होते, पायांच्या वेदनांनी झोप उडाली होती. माता रमाईंचे २७ मे १९३५ रोजीच निधन झाले होते आणि पुन्हा लग्न करायचे नाही, असा बाबासाहेबांचा निश्चय होता. तो निश्चय बदलावा लागत आहे, प्रकृतीची काळजी घेणारे कोणी जवळ असणे आता भाग आहे, ही अत्यंत खाजगी गोष्ट त्यांनी १६ मार्च १९४८ च्या पत्रात भाऊरावांना कळवली. विवाह झाला १५ एप्रिल १९४८ रोजी. म्हणजे जगाला कळण्यापूर्वी महिनाभर आधी नाशिकच्या मित्राला ते ठाऊक होते, आणि तेही कारणांसह, खुद्द बाबासाहेबांच्या शब्दांत.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला खऱ्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. सिगालोवाद सुत्तात ती येतात. सुखदुःखात समान राहणारा मित्र कसा ओळखावा? तो आपले गुपित मित्राला सांगतो, मित्राचे गुपित जपतो, संकटात त्याला सोडून जात नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली भाऊरावांजवळ जे मन उघडे केले, ते या लक्षणांशी ताडून पाहा. केंद्रीय मंत्री असलेला, जगभर नाव असलेला महापुरुष आपल्या आजारपणाविषयी, एकटेपणाविषयी, घरातल्या निर्णयाविषयी कोणाला लिहितो? ज्याच्याकडून ते बाजारात जाणार नाही अशी खात्री असते, त्यालाच. त्या पत्राची थोरवी आपल्याला पुष्कळ उशिरा कळली, कारण भाऊरावांनी त्याचे भांडवल केले नाही.

संकटात न सोडण्याचा प्रसंगही लवकरच आला. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर आणि इतर कारणांनी बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. सत्ता गेली, प्रकृती गेली, मतपेटीनेही पाठ फिरवली. अशा वेळी भोवतालची गर्दी आपोआप विरळ होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे काम रेटणाऱ्या भाऊरावांनी मात्र आपली जागा सोडली नाही. भूमिहीनांचा प्रश्न घेऊन १९५३ मध्ये मराठवाड्यात जो सत्याग्रह झाला, त्यात ते आघाडीवर होते. दिल्लीतल्या २६ अलीपूर रोडच्या बंगल्यात बाबासाहेब बुद्ध आणि त्यांच्या धम्मावर लिहीत होते आणि इकडे भाऊराव गायरानाच्या जमिनीसाठी माणसे उभी करत होते. दोघांच्या कामाचे स्वरूप वेगळे आणि जागाही वेगळ्या. पण एकाला दुसऱ्याच्या कामाचा हेवा वाटला नाही, की एकाने दुसऱ्याचे काम हलके मानले नाही.

पत्र थांबल्यावर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. भाऊरावही बौद्ध झाले. मुंबईतही १६ डिसेंबरला तसाच सोहळा व्हायचा होता. त्याआधीच ६ डिसेंबर उजाडला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चिता रचली गेली. मुंबईकरांना धम्म देण्याची बाबासाहेबांची इच्छा अपुरी राहिली, ती इथेच पुरी करावी, अशी भूमिका त्या अफाट शोकसागरासमोर मांडणाऱ्यांत दादासाहेब गायकवाड होते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच दीक्षा दिली. मित्राच्या चितेसमोर उभे राहून त्याचे राहिलेले काम हाती घेणे याहून मोठी श्रद्धांजली कोणती?

त्यानंतर दिल्लीहून येणारे पत्र थांबले. अंतर आता असे झाले होते की कोणतेही टपाल ते पार करू शकत नव्हते. पण आमच्या मते दादासाहेबांनी ही मैत्री पुढेही पंधरा वर्षे चालवली. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीन बांधवांसाठी आपल्याला पुरेसे करता आले नाही, ही खंत बोलून दाखवली होती. त्या खंतीला कृतीने उत्तर दिले ते दादासाहेबांनी. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. १९५९ मध्ये महाराष्ट्रात, विशेषतः खानदेश आणि मराठवाड्यात, भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढचा मोठा लढा सुरू करायला त्यांनी ६ डिसेंबर १९६४ हीच तारीख निवडली. तो देशभर पसरला, लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीबरोबरच संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणी त्या सनदेत होती. ते तैलचित्र लागायला १९९० साल उजाडावे लागले. दादासाहेब तेव्हा हयात नव्हते. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना जमीन देण्याची जी योजना काढली, तिला त्यांचे नाव दिले. योजनेची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण नाव मात्र योग्य माणसाचे दिले गेले.

जवळ राहून दूर गेलेले

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्यक्तिपूजा हा आपला मार्ग नव्हे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि दोनच वर्षांत पक्ष फुटला. दुरुस्त आणि नादुरुस्त अशी नावे पडली. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे यांच्यासारखे कायद्याचे जाणकार. जमिनीच्या लढ्यावर भर द्यावा की संविधानाच्या चौकटीतल्या हक्कांवर, साम्यवाद्यांशी हातमिळवणी करावी की नाही, खेड्यातल्या नेतृत्वाला मान द्यावा की पदवीधरांच्या, असे त्या वादाचे पदर होते. १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर तर आजही कठोर टीका होते आणि तिच्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. त्या समझोत्याने पक्षाची स्वतंत्र ताकद खच्ची झाली, हे इतिहासाने दाखवले.

इथे मनाला बोचणारा प्रश्न असा. लंडन आणि नाशिक यांच्यातले अंतर ज्यांना तोडू शकले नाही, तेच नेतृत्व एका पक्षात, एका राज्यात, अनेकदा एकाच शहरात असताना एकमेकांपासून का तुटले? मतभेद तर १९३४ मध्येही होऊ शकला असता. त्या वेळी प्रश्न विचारला गेला आणि कारणांसह उत्तर आले. १९५९ मध्ये प्रश्न व्यासपीठावरून विचारले गेले आणि उत्तरे पत्रकांतून आली. आपल्या माणसाला खाजगीत लिहिण्याची, त्याला आधी विचारण्याची, त्याचे म्हणणे पुरते ऐकून मग निर्णय घेण्याची जी रीत बाबासाहेबांच्या हयातीत होती, ती त्यांच्यानंतर पुढाऱ्यांनी आपसांत चालू ठेवली नाही. महापरिनिर्वाणाने आपला महानायक नेला, हे खरे. पण पत्र लिहिण्याची रीत काही मृत्यूने नेली नाही. ती आपणच टाकली. दोष एकट्या दादासाहेबांचा नाही आणि एकट्या कांबळे यांचाही नाही. पण त्याची किंमत दलित जनतेने मोजली आणि आजही मोजत आहे.

आमच्या वकिलीच्या व्यवसायात हे चित्र वारंवार दिसते. एखाद्या वस्तीतले बुद्ध विहार, त्याचा नोंदणीकृत विश्वस्त मंडळ, आणि विश्वस्तांचे दोन तट. बदल अर्ज दाखल होतात, त्यांना हरकती घेतल्या जातात, तारखा पडत राहतात. दोन्ही बाजूंचे लोक कधीकाळी नामांतराच्या लढ्यात एकाच गाडीतून तुरुंगात गेलेले असतात. आम्ही कागदपत्रे चाळतो, तेव्हा त्यात नोटिसा सापडतात, ठराव सापडतात, पोलिसांतल्या तक्रारी सापडतात. एकाने दुसऱ्याला लिहिलेले चार ओळींचे साधे पत्र, भाऊ, तुझे काय म्हणणे आहे ते सांग, असे विचारणारे, आमच्या हाती अजून आलेले नाही. दोघांची घरे एकाच गल्लीत असतात.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. नाशिकचा कार्यकर्ता लंडनमधल्या आंबेडकरी बांधवाशी क्षणात बोलू शकतो. सकाळी शंभर जणांना जय भीमचे चित्र पाठवले जाते. ते वाईट आहे, असे नाही. पण शंभर जणांना एकदम पाठवलेले चित्र हे कोणा एकाला लिहिलेले पत्र नव्हे. त्यात हिशेब नसतो, कारण नसते, तब्येतीची चौकशी नसते, मतभेद नसतो. आणि कधी मतभेद झालाच तर तो शंभर जणांच्या देखत होतो. मग माघार घेणे दोघांनाही जड जाते.

म्हणून चळवळीतल्या तरुणांना आणि ज्येष्ठांनाही आमचे सांगणे आहे. ज्याच्याबरोबर काम केले आणि आज जो दूर आहे, मग तो दुबईत असो, दिल्लीत असो की शेजारच्या गटात, त्याला स्वतः लिहा. तिसऱ्याकरवी निरोप धाडू नका. निरोप्या आपल्या पदरचे घालतो. नकार द्यायचा असेल तर कारण द्या. पैशाचा संबंध असेल तर हिशेब न मागता पाठवा. त्याच्या आजारपणाची, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करा. त्याने विश्वासाने सांगितलेले चव्हाट्यावर आणू नका. आणि त्याचे कागद जपा. उद्याच्या पिढीला या चळवळीचा इतिहास लिहायचा असेल, तर तो जाहिरात फलकांवरून लिहिता येणार नाही.

आनंदाने एकदा तथागतांना म्हटले होते की कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय. तथागतांनी त्याला थांबवून सांगितले की अर्धे नव्हे, ते पूर्णच आहे. आपण धम्म स्वीकारला, त्रिशरण-पंचशील म्हणतो, पण कल्याणमित्रतेचा हा धडा अजून आपल्या संघटनांत उतरलेला नाही. तो कसा उतरवायचा, हे आंबे गावच्या एका माणसाने गोदाकाठी राहून दाखवून दिले आहे. येत्या २९ डिसेंबरला दादासाहेबांच्या प्रतिमेला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी अबोला धरलेल्या आपल्या एका तरी सहकाऱ्याला पत्र लिहा. कर्मवीरांना ते अभिवादन अधिक आवडेल, अशी आमची खात्री आहे.

जय भीम!